न घातलेली कडी

११ नोव्हेंबर १९५७, पालम

"आता तुला कुणाची वाट पाहायची नाही, तेवढं एक सुटलं." माझ्या हातातल्या बांगड्या उतरवताना सासूबाई असं म्हणाल्या होत्या. मी सतरा वर्षांची होते. बांगड्या फोडायची रीत, पण त्यांनी साबणाचं पाणी लावून एकेक काढली, हाताला काच लागू नये म्हणून. तेव्हा ते वाक्य फार लागलं. पुढे पुण्याला आश्रमात शिकायला मिळालं, नोकरी मिळाली, आणि हळूहळू वाटायला लागलं की त्यांनी मला त्या दिवशी मोकळं केलं. ज्यांच्या नावाने बांगड्या गेल्या त्यांचा चेहरा आता मला आठवत नाही.

हे सगळं आज वर आलं ते जांभळवाडीतल्या एका दारामुळे.

आमच्या विकास ब्लॉकचा बांधकामाचा वर्ग निघतो आहे. सरकारला गावोगाव शाळा, विहिरी, दवाखाने बांधायचे आहेत आणि गवंडी मिळत नाहीत. दुसरीकडे सुगी संपली की माणसांच्या हाताला काम नाही, गावंच्या गावं नगरकडे ऊस तोडायला निघतात. म्हणून सहा महिन्यांचा वर्ग. शिकताना विद्यावेतन आणि शिकून झालं की ब्लॉकच्याच बांधकामांवर काम. काही जागा बायकांसाठी ठेवल्या आहेत. मी ब्लॉकच्या बायकांच्या कामाची मुख्यसेविका, म्हणून त्या भरायचं माझ्याकडे आलं.

जांभळवाडीत बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "बाई, आमी माती तुडवावी, टोपलं उचलावं. भिंत गडीमाणूस चढवतो." मी परत निघाले होते. शेवटच्या घराशी एक बाई पावसात पडलेली भिंत पुन्हा रचताना दिसली. दगड हातात फिरवून, त्याचं तोंड बघून, मग बसवत होती. उंबऱ्यात एक म्हातारी मूग निवडत होती.

"बसा माय," म्हातारी म्हणाली. "ही माझी सून, मनकर्णा. गवंडी मिळंना, मंग हीच गवंडी झाली."

"आत्याबाई, आधी भिंत हुबी ऱ्हाऊ द्या, मंग नाव सांगा."

"पडली तर तुझ्या अंगावर पडंल. मी तर हितं बसलेय."

दोघी हसल्या. मनकर्णा तिशीची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. म्हातारीचं नाव सारजाबाई. मी विचारलं, घरधनी कुठे असतात?

"धरणावर हाय त्यो," सारजाबाई म्हणाल्या. "तुंगभद्रेच्या. रझाकाराच्या साली गेला. एक डाव पोळ्याला येऊन गेला, हिला लुगडं घेऊन. मंग काई आला न्हाई. धरण लय मोठं असंल."

ते धरण पुरं होऊन काही वर्षं झाली. पेपरात वाचलं होतं. 

निघताना रस्त्याकडचं दार ओढून घेतलं आणि सवयीने कडीला हात घातला. "ऱ्हाऊ द्या बाई," सारजाबाई आतून म्हणाल्या. "आमी कडी घालत न्हाई. व्यंकटी कवा बी येईल. लाजाळू हाय त्यो, दार वाजवायचा न्हाई. तसाच भाईर बसून ऱ्हाईल."

मनकर्णा रस्त्यापर्यंत आली. "बाई, मला त्या वर्गात घ्या. दीर, मुंजाजी भाऊजी, अवंदा म्हणायलेत की उसाला चल, बसून किती खाशील. मी उसाला गेले तर आत्याबाईकडं कोण बघंल? हितं काम लागलं तर सांजच्याला घरी येता येईल."

मी हो म्हणाले. जागा माझ्याच हातात असल्यासारखी.

१४ नोव्हेंबर

हातात नाही. विकास अधिकारी साहेबांनी अट सांगितली. बाई विधवा असेल तर हरकत नाही. सधवा असेल तर नवऱ्याने समोर येऊन हो म्हणावं.

"आणि नवऱ्याचा पत्ताच नसेल तर?"

"मग ती कोण, बाई?" साहेब चिडून नाही, खरंच विचारत होते. "विधवा नाही आणि सधवाही धड नाही. उद्या तो उगवला आणि माझी बायको कुणाच्या हुकमाने परातीवर चढवली म्हणाला, तर मी काय सांगू?"

"परातीवर नाही, परांचीवर."

"बघा, मला तर शब्दही येत नाहीत. मला कशाला या भानगडीत घालता?"

बाजारात मनकर्णा भेटली, तिला सांगितलं.  ती म्हणाली, "बरं. त्ये आले की शिकते. तवर धरण बी पुरं होईल." ती चेष्टा करत होती की काय, मला कळलं नाही. तोंडावर काहीच नव्हतं.

ऊसतोडीचा मुकादम पुढच्या आठवड्यात गाड्या घेऊन येणार आहे असंही तिने सांगितलं.

१८ नोव्हेंबर

आज मी एक खोटं बोलले. लिहून ठेवते, पण पश्चात्ताप म्हणून नाही.

साहेब जीप घेऊन जांभळवाडीला आले. चावडीपुढे सगळं गाव. बायकांमधून दोघीच पुढे आल्या, दोघी विधवा. एक जागा उरली. मनकर्णा आली नव्हती. अट ठाऊक असल्यावर कशाला येईल? साहेब घड्याळ बघत म्हणाले, "उरलेली जागा दुसऱ्या गावाला देऊ."

मी म्हणाले, "एक आहे साहेब. मनकर्णा, व्यंकटीची."

"नवरा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ती भिंत दिसत होती, आणि गाड्या घेऊन येणारा मुकादम.

"वारला," मी म्हणाले.

"झालं तर मग. घ्या."

चावडीपुढे एकदम शांत झालं. मला वाटलं, मनकर्णेला जागा मिळाली म्हणून असेल. तिचा दीर मुंजाजी गर्दीत होता, डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेऊन उभा. साहेबांना मानवतला जायचं होतं, मला जीपमध्ये बसवलं आणि निघाले. मनकर्णेला भेटताच आलं नाही. सवड काढून जाईन आणि सांगेन की साहेबांपुढे एवढं म्हणावं लागलं. ती समजून घेईल.

परत येताना माझं मन हलकं होतं. माझ्याबाबतीत तो शब्द खरा होता आणि त्याने मला घराबाहेर काढलं, शिकवलं. तिच्याबाबतीत नुसता म्हणायचा आहे. कुणाचं काय बिघडलं?

१९ नोव्हेंबर

मुंजाजी सकाळची मोटार धरून ऑफिसात आला. साहेब आतल्या खोलीत होते, मधलं दार उघडं. मी त्याला हळू बोलायची खूण केली.

"बाई, काल चावडीवर बोललात ते पक्कं हाय का?"

"साहेबांपुढे बोलले आहे. आता तेच धरून चालायचं. घरच्यांनी उलटं काही बोलू नका, नाहीतर मनकर्णेचं सगळं जाईल."

तो खाली बसला. उपरण्यात तोंड घालून रडला. मोठा माणूस, मिशीवाला. मला काय करावं कळेना, पाणी दिलं.

"आमच्या मायला मीच सांगतो," तो म्हणाला. "तुमी दोन-चार दिस येऊ नका. आमी आमचं करून घेतो."

"सावकाश करा," मी म्हणाले. "वर्ग सुरू व्हायला अजून वेळ आहे."

त्याने माझ्या पायाला हात लावला. वहिनीला जागा मिळाली म्हणून दिराने एवढं रडावं! मी त्याच्याबद्दल उगीच वाईट मनात आणलं होतं. उसाला चल म्हणत होता तेही अडचणीपोटीच असेल.

२२ नोव्हेंबर

मानवतला जाऊन हत्यारं आणली. थाप्या, हातोड्या, भिंत सरळ आहे का ते बघायचे ओळंबे. वर्गाला शिकवणारे आप्पाराव मिस्त्री तिथलेच. लोहाराच्या दुकानात माझ्यासोबत आले आणि प्रत्येक ओळंब्याचा दोरा ताणून बघत होते.

"बाई, लोकं मला म्हणायलेत, मिस्त्री, बाईमाणसानं ओळंबा धरला तर भिंत लाजून वाकंल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, तुमच्या बापजाद्यांनी बांधलेल्या समद्या वाकड्याच हायत. त्या कुणाला लाजल्या?"

मी मोठ्याने हसले. लोहार बघायला लागला. मनकर्णेसाठी पितळेचा एक ओळंबा माझ्याकडून घेतला. खालचं टोक अगदी तिच्या नथीतल्या मोत्यासारखं आहे. उगीच हौस.

२५ नोव्हेंबर

ओळंबा पिशवीत तसाच परत आला.

जांभळवाडीत उतरले तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी रामराम केला नाही. मला वाटलं, काम अडलं असेल काही. सारजाबाईंचं दार लोटलेलं होतं. ढकललं तर उघडेना. आतून कडी होती.

मुंजाजीने काढली. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

आमचं करून घेतो म्हणाला होता, ते हे. पळसाच्या पानांचा पुतळा केला, ओढ्याकाठी नेऊन जाळला. प्रेत हाती लागलं नाही की असंच करतात. मुख्यसेविका बाईंनी सरकारच्या साहेबापुढे सांगितलं म्हणजे सरकारात खबर आली असणार, असं गावाने धरलं. मी पक्कं म्हणाले होते. मीच.

मनकर्णा कोपऱ्यात बसली होती. कपाळ कोरं. मनगटावर काचेचे ओरखडे. तिच्या बांगड्या साबण लावून कुणी काढल्या नव्हत्या.

सारजाबाई म्हणाल्या, "या बाई."  मग, "तुमाला आधी कळलं, तर मला आधी का न्हाई सांगितलं? ल्योक माझा व्हता."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मला कसलीही खबर नाही, जागा मिळावी म्हणून बोलले, व्यंकटी जिवंत असेल, आजही असेल. हात जोडले.

त्या ऐकत होत्या. मग त्यांनी माझे जोडलेले हात धरून खाली घेतले. "न्हाई माय. माझं मन राखायसाठी बोलू नका. तुमी एवढ्या शिकलेल्या, सायबापुढं खोटं कशाला बोलताल?" मग विचारलं, "त्याच्यापाशी कुणी व्हतं का? शेवटाला पाणी द्यायला?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

"नका सांगू. न्हाई सांगितलं त्येच बरं."

बाहेर मुंजाजीला गाठलं. त्यालाही खरं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, आता काय? पुतळा जाळला, दहावं जवळ आलं. जाळलेला माणूस दारात आला तर त्याला घरात घेत न्हाईत. आन तुमीच म्हणलात, उलटं बोलू नका."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

२६ नोव्हेंबर

साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, "बाई, ती विधवा नाही असं मला कळलं तर जागा काढून घ्यावी लागेल. तर मला काय कळलं म्हणता?"

मी म्हणाले, काही नाही.

९ डिसेंबर

पालमच्या दवाखान्याच्या जागेवर वर्ग सुरू झाला. मला वाटलं होतं, मनकर्णा येणार नाही. पहिली तीच आली. पांढऱ्या नाही, पण उतरल्या रंगाच्या लुगड्यात, कपाळ पदराने झाकून. आप्पाराव मिस्त्री तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पयल्यांदा दगडाचं तोंड ओळखायचं. माणसाचं मागून."

मी सावलीत उभी होते. ती माझ्याकडे आली नाही.

२३ डिसेंबर

आज पितळेचा ओळंबा तिला दिला. तिने दोरा बोटाला गुंडाळला, टोक खाली सोडलं. ते हलत होतं. ती ते थांबेपर्यंत बघत राहिली. मी म्हणाले, "मनकर्णा, मी त्या दिवशी जे म्हणाले ते..."

"मला म्हाईत हाय बाई."

"काय?"

"की तुमाला काईच म्हाईत न्हवतं. आत्याबाईपुढं तुमी हात जोडलेत ना, तवाच कळलं. खोटं बोलणारं माणूस असं हात जोडत न्हाई."

"मग तू का बोलली नाहीस? तुझं कुणीतरी ऐकलं असतं."

ओळंबा थांबला होता. तिने तो उचलून घेतला. "ज्या दिवशी पुतळा जाळला, त्या राती आत्याबाई सकाळपस्तोर निजल्या. मी आल्यापासून त्या तशा निजल्याल्या मी बघितल्या न्हाईत. कुत्रं भुकलं की दारात. पान हाललं की दारात. मी म्हणलं, निजू द्या."

"आणि तुझं?"

मिस्त्रींनी हाक मारली. ती गेली. भिंतीशी ओळंबा लावून पुन्हा तो थांबायची वाट बघायला लागली. तिचं पाठमोरं डोकं बघून मला कधी नव्हे ते माझ्या यजमानांचं काहीतरी आठवलं. चेहरा नाही. उंबऱ्यापाशी काढून ठेवलेल्या वहाणा. त्या किती दिवस तिथेच होत्या आणि मग कुणी उचलल्या, ते आठवत नाही.

१४ जानेवारी १९५८

संक्रांत. ऑफिसातल्या बायका वाण लुटायला गेल्या. मी कामावर चक्कर मारली. मनकर्णा चुना कालवत होती. गावात गेली नाहीस का, असं विचारणार होते. विचारलं नाही, एवढं शहाणपण आलं.

तिळगूळ मात्र तिने घेतला. अर्धा पदरात बांधला, आत्याबाईसाठी.

८ फेब्रुवारी

जांभळवाडीला गेले होते. सारजाबाई आता निवांत दिसतात. बाजेवरून फारशा उठत नाहीत, दाराकडे तर बघतही नाहीत. व्यंकटीसाठी शिवलेली वाकळ होती, नवी कोरी, ती त्यांनी एका गोसाव्याला देऊन टाकली. भाकर अर्धीच खातात. या वयात खाणं हलकं असलेलं बरंच. माझ्या हातावर हात फिरवून म्हणाल्या, "बाई, तुमी मला मोकळं केलंत."

माझंच वाक्य. पहिल्या दिवशी मी सासूबाईंबद्दल हेच लिहिलं आहे. ऐकताना बरं वाटायला हवं होतं. येताना मोटारीत उगीच सारखी थंडी वाजत होती.

मुंजाजी चांगलं बघतो आईचं. रस्त्याकडच्या दाराला त्याने नवी लोखंडी कडी बसवून घेतली आहे. चोराचिलटाचं भय आहे म्हणाला. तेही खरं.

३ मार्च

सारजाबाई गेल्या.

दुखणं काही नाही. वैद्य म्हणाला, वय झालं. मी पोचले तेव्हा माणसं ओढ्यावरून परतली होती. मनकर्णा अंगणात भांडी घासत होती. मी जवळ बसले. राख तिने माझ्याकडे सरकवली, मीही एक तांब्या घासायला घेतला.

"वाट बघायची व्हती तवर जेवत व्हत्या," ती म्हणाली.

एवढंच. तांब्या घासून झाला तरी मी घासतच होते.

२० एप्रिल

जांभळवाडीच्या शाळेचं काम वर्गाकडेच दिलं आहे. आपल्या गावची शाळा आपलीच माणसं बांधतात, हे बघायला परभणीहून मोठे साहेब आले होते. आज चौकट बसली.

दाराकडची भिंत मनकर्णेने चढवली आहे. मिस्त्रींनी तिच्या कामाला एकदाही हात लावलेला नाही, हे ते स्वतःच सांगत होते. चौकट उभी केली, आणि मिस्त्री मोठ्याने म्हणाले, "मनकर्णाबाई, ये हिकडं. तुझ्या भिंतीतली चौकट, तूच धर."

बायकांत कुजबुज झाली. चौकटीला हळदकुंकू लावायचं ते सवाष्णीने. त्याआधी विधवेचा हात लागायला नको. मागच्या साली गावात देवळाची चौकट बसली तेव्हा कुंकवाचं बोट मनकर्णेचंच होतं, शेजारची बाई मला सांगत होती, कौतुकाने. आज मुंजाजीच्या बायकोला बोलावलं.

मनकर्णा कुठे दिसेना. चुन्याच्या हौदामागे बसून ती थापी धूत होती. थापी स्वच्छ होती. मी बघितली ना.

मोठ्या साहेबांना आमच्या साहेबांनी लांबूनच दाखवलं, "ती तिकडे बसलेली. निराधार विधवा, आज गवंडी आहे." ते म्हणाले, "शाबास." तिला नाही, मला म्हणाले!

२ जून

वर्ग संपला. मनकर्णेला पोखर्णीच्या दवाखान्याच्या कामावर गवंडी म्हणून घेतलं. बिगारी नाही, गवंडी. हातात थापी धरून मोटारीत बसली, समोरचा म्हातारा जागा देईना, मग थापी बघून सरकला. ते सांगताना ती पहिल्यांदा हसली. मीही हसले. घरी येऊन मात्र रडू आलं.

१६ जून

आज जांभळवाडीला गेले ते तिचं कौतुक करायला. पोखर्णीचे मिस्त्री तिचं नाव घेतात.

घराची वाटणी झाली आहे. मुंजाजीला पोरंबाळं आहेत, त्याला रस्त्याकडचा भाग. मनकर्णेला मागची खोली आणि गोठ्याची जागा. वर व्यंकटीच्या वाटच्या रानातलं धान्य तो वर्षाला देणार आहे, जमेल तेवढं. पंच होते, सगळ्यांनी रास्त म्हटलं. मलाही तसं वाटलं. एकटीला तरी किती जागा लागते?

मधे भिंत घालायची. मुंजाजी म्हणाला, "वयनी, गवंडी तर घरातच हाय." आणि हसला.  आज तिची सुट्टी होती, ती भिंतच घालत होती. पाया झाला आहे. माझ्यापुढे तिने दोन थर चढवले. ओळंबा माझाच, पितळेचा.

मी विचारलं, "मग तुझं दार?"

"मागून. गोठ्याकडून. तिकडून वाट पाडलीय."

"आणि हे?" रस्त्याकडचं जुनं दार भिंतीपलीकडे जाणार होतं. मुंजाजीकडे.

"ते भाऊजीचं."

तेव्हा मला कळलं. सहा महिने तिला शिकवलं, आणि तिने स्वतःसाठी बांधलेली पहिली भिंत ही. व्यंकटी आला, कुठून तरी आलाच, तर तो त्या दाराशी येईल. दुसरं दार त्याला माहीत नाही. दार वाजवणार नाही, सारजाबाई म्हणाल्या होत्या, बाहेर बसून राहील. आणि आतल्या माणसांनी त्याला जाळलेलं आहे.

 तिने चुन्याचा हात धुऊन मला चहा दिला. गूळ जास्त घातला होता, पाहुणीला घालतात तसा.

१७ जून

सकाळपासून ऑफिसात काम होईना. साहेब म्हणाले, बाई, नव्या वर्गाची तयारी करा, यंदा बायकांच्या जागा वाढवल्या आहेत. त्या जांभळवाडीच्या मनकर्णेचं उदाहरण सगळीकडे सांगा. मी बरं म्हणाले.

मी अजून तिच्याकडून काय मागते आहे? तिच्या हाताला काम आहे. संध्याकाळी येऊन ती शांत झोपते, तिनेच सांगितलं. कुत्रं भुंकलं तर उठत नाही. सासूबाई म्हणाल्या असत्या, तेवढं एक सुटलं. मी मात्र रात्रंदिवस ती भिंत डोळ्यांपुढे आणते, आणि त्या भिंतीशी बाहेरून कुणीतरी बसलेलं असतं. त्याचा चेहरा मला दिसत नाही. कधी तो व्यंकटी असतो. कधी दुसरं कुणी.

चावडीपुढे जाऊन पुन्हा खरं सांगावं, हेही मनात येऊन गेलं. कोण ऐकणार? आणि ऐकलं तर साहेबांच्याही कानावर जाईल, आणि तिचं गवंडीकाम जाईल. हेही तिने माझ्याआधी ओळखलेलं असणार. म्हणून ती माझ्याकडून काही मागत नाही. मग मीच मागायचं.

उद्या सकाळच्या मोटारीने जाते. पोखर्णीला जायच्या आधी ती तासभर भिंतीशी असते. भिंत कमरेपर्यंत आली असेल. काय बोलायचं ते इथेच लिहून ठेवते, नाहीतर तिथे जाऊन मी नव्या वर्गाचंच काहीतरी बोलत बसेन. ती ओळंबा सोडेल, तो थांबेपर्यंत बघेल, आणि मग मान हलवून नाही म्हणेल. भोक ठेवलेल्या भिंतीला भिंत म्हणत न्हाईत बाई, असं काहीतरी. आणि ते बरोबरच असेल, माझ्यापेक्षा जास्त.

तरी सांगणार. मनकर्णा, रस्त्याकडच्या बाजूला, जुन्या दारासमोर, त्या भिंतीत एक माणूस वाकून आत येईल एवढी जागा सोड.